कारण : विवाह

रंजनीअक्काचं टेबल कॉलेजच्या मुख्य दारातून आत शिरलं की डाव्या हाताला होतं. त्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही कागद आत येत नसे की बाहेर जात नसे. इकडच्या तमिळ कचेऱ्यांतही टपालाला टपालच म्हणतात. अक्का बावीस वर्षं टपाल बघत होती. कागद आला की आवक क्रमांक, तारीख, शिक्का, आणि मग तो ज्याचा त्याच्याकडे. कागदात काय लिहिलंय त्याच्याशी तिला कर्तव्य नसे. निदान मी नोकरीला लागलो तेव्हा तरी नव्हतं.

कॉलेज मद्रासच्या दक्षिणेला, कोवलमच्या पुढे, समुद्राकाठच्या रस्त्यावर. इंजिनिअरिंगचं, खासगी. मी तिथं कंत्राटी प्रोग्रॅमर होतो. विद्यार्थ्यांची माहिती सरकारी पोर्टलवर चढवायची, हे माझं काम. माझे वडील मद्रासजवळच्या आवडी या गावातल्या रणगाडा कारखान्यात, मूळचे साताऱ्याकडचे. अक्का तंजावरच्या मराठ्यांतली. तिच्या घराण्यात तीनशे वर्षांत कुणी महाराष्ट्र पाहिला नव्हता. मी पहिल्या दिवशी फोनवर आईशी बोलत होतो ते ऐकून ती टेबलामागून उठून आली आणि म्हणाली, "मराठी कां रे? आमचेंही मराठीच. हसूं नको मात्र." तेव्हापासून ती माझी अक्का.

कॉलेजचा मालक म्हणजे विजयकुमार साहेब. इकडे खासगी कॉलेजच्या मालकाला मालक म्हणत नाहीत, करस्पॉन्डंट म्हणतात. शब्दाचा अर्थ पत्रव्यवहार करणारा. अक्कानं त्यांना अकरा पत्रं लिहिली होती. उत्तर एकाचंही आलं नव्हतं.

पत्रं तिच्या मुलीविषयी होती. विद्यालक्ष्मीला जन्मापासून कमरेखाली ताकद नाही. चाकाच्या खुर्चीत असते. डोकं मात्र असं, की मला अडलेला कोड मी तिच्याकडून सोडवून घेतलेला आहे. कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून तिला इथंच कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष तळमजल्यावर होतं, ते नीट गेलं. दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या लॅब तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, पण तिला कुलूप. चावी साहेबांच्या खिशात. "लिफ्ट पाहुण्यांसाठी आहे," एवढंच ते म्हणत.

विद्या मग खुर्ची खाली ठेवून पायऱ्यांवर बसायची आणि पाठमोरी, हातांवर जोर देत, एकेक पायरी वर सरकायची. सहासष्ट पायऱ्या. पोहोचेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असे. वर्षअखेरीस हजेरी भरली अठ्ठावन्न टक्के आणि तिला परीक्षेला बसू दिलं नाही.

मधल्या काळात एकदा विजयकुमार साहेब जिन्यावरून खाली उतरत होते. विद्या अर्ध्या जिन्यात होती. ते थांबले, म्हणाले, "शाब्बास, काय जिद्द आहे पोरीची!" आणि त्यांनी फोटोग्राफर बोलावला. तो फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात सहाव्या पानावर छापला. खाली मोठ्या अक्षरात "जिद्द". फोटो काढून झाल्यावर साहेब खिशातल्या चावीसकट खाली निघून गेले.

अक्का हे सांगताना रडत नसे. फोटोतल्या जिन्याच्या कठड्याकडे बोट दाखवून म्हणे, "बघ. येथून चार हातांवर लिफ्टचें दार आहे."

परीक्षा हुकली तेव्हा विद्यानं कॉलेज सोडलं. अक्कानं विद्यापीठाला दोन तक्रारी केल्या. दोन्ही तक्रारी विद्यापीठानं "अभिप्रायासाठी" कॉलेजकडेच पाठवल्या. टपालाची थैली तिनंच उघडली, स्वतःचीच तक्रार स्वतःच्या हातात आली, तिनं तिच्यावर आवक क्रमांक टाकला आणि नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "रंजनीमा, आपल्या घरातली गोष्ट बाहेर कशाला नेतेस?"

एवढ्यावर ते कदाचित थांबलंही असतं. पण फेब्रुवारीत दिल्लीहून तपासणी समिती येणार असं पत्र आलं. विद्यार्थ्यांच्या सोयी, शिक्षकांची संख्या, अपंगांसाठीची व्यवस्था, सगळं तपासून कॉलेजला स्वायत्तता द्यायची की नाही ते ही समिती ठरवणार होती. मी मधेच कॉलेज सोडलेल्या विद्यार्थ्यांची यादी पोर्टलवर चढवत होतो. यादी साहेबांच्या कचेरीतून तयार होऊन आली होती. अक्का माझ्या मागे कॉफीचा टंबलर घेऊन उभी होती.

"सत्तेचाळीस नंबर खालीं घे," ती म्हणाली.

मी पडदा थांबवला. क्रमांक सत्तेचाळीस, विद्यालक्ष्मी आर. शेवटच्या रकान्यात, कारण : विवाह.

"लग्न झाल्यामुळे मुलगी गेली तर ती कॉलेजची चूक धरत नाहीत," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं.

अक्कानं टंबलर माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. तिनं त्या रकान्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "हें त्यानें आपल्या हातानें खोडायचें. आपल्या सहीनें. मी त्यास सोडणार नाहीं."

त्या एका रकान्यावर दुसरंही अडलं होतं. विद्याला शहरातल्या गिंडीजवळच्या एका कॉलेजात जायचं होतं. विद्यापीठातल्या अधिकाऱ्यानं तिला सांगितलं होतं, की मुलीनं स्वतःच्या कारणानं कॉलेज सोडलं असेल तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. कॉलेजनं सोय न केल्यामुळे सोडावं लागलं असेल, आणि तसं कॉलेजनं लिहून दिलं, तर हुकलेली परीक्षा देऊन सरळ तिसऱ्या वर्षात. म्हणजे विद्याची दोन वर्षं त्या रकान्यात होती. आईचा सूडही त्याच रकान्यात होता. तेव्हा मला या दोन गोष्टी एकच वाटल्या.

समितीतल्या सदस्यांची नावं आली. विद्यार्थी सोयींचा भाग नागपूरच्या डॉ. सुनंदा बेलसरे बघणार होत्या. विजयकुमार साहेबांनी अक्काला बोलावून घेतलं.

"त्या तुमच्या भाषेच्या आहेत ना? मग दोन्ही दिवस तू त्यांच्या बरोबर. तुमच्या भाषेत गोड गोड बोल. त्यांना घरच्यासारखं वाटलं पाहिजे. मी बरोबर असेनच."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. असा मी तो वर्षभरात पाहिला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी गिंडीहून कॉलेजच्या बसमध्ये चढली तेव्हा चिंतेत होती. माझ्या शेजारी बसली.

"शार्दूल, तुमच्या घरांत बोलतात तें मराठी मज शिकव."

"तुम्हाला येतंच की."

"माझ्या मराठींत अर्ध तमिळ आहे रे. उरलें तें इंग्लिश. तो बाजूस उभा राहील. मी बोललें कीं अस्की समजेल."

अस्की म्हणजे सगळं. आमच्याकडे हा शब्द कधीच मेला, त्यांच्याकडे अजून रोज वापरात आहे. तिचं म्हणणं खरं होतं. ती "लिफ्टचें सावि देत नाहीं, रॅम्प पोय, स्टाफ पोय" असं म्हणाली असती तर साहेबांना एकही शब्द चुकला नसता. सावि म्हणजे तमिळमध्ये चावी, पोय म्हणजे खोटं, आणि बाकीचं कुणालाही कळेल असं.

बसला सव्वा तास लागे. आम्ही शब्द धुवायला घेतले. सॉफ्टवेअर तपासायला जशी टेस्टिंगची पद्धत असते तशी आम्हालाही आपोआप सापडली. पुढच्या बाकावर धनलक्ष्मी बसे, कॉलेजची टायपिस्ट, पक्की तमिळ, आणि दुसऱ्यांच्या गप्पांवर कान असलेली. आमच्या बोलण्यातला एखादा शब्द तिला कळला की तिची मान वळायची. मान वळली की शब्द बाद.

"सावि," अक्का म्हणाली. धनलक्ष्मी वळली.

"चावीही नको, सारखंच ऐकू येतं. किल्ली म्हणा."

"किल्ली?" अक्का हसली. "तमिळींत किल्ली म्हणजे चिमटा काढून." मग म्हणाली, "असूं दे. तसाच काढायचा आहे त्यास."

लिफ्टला शब्द सापडेना. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "उद्वाहन."

"हें कोण बोलतें?" अक्कानं विचारलं.

"कुणीच नाही."

"मग त्या बाईंस कसें कळेल? वर जाणारी पेटी म्हणूं?"

पेटीवर धनलक्ष्मी वळली. तमिळमध्येही पेटीला पेटीच म्हणतात. शेवटी पाळणा ठरला. रॅम्पला उतार. यावर धनलक्ष्मीची मान अर्धी वळून थांबली, कारण मद्रासच्या बोलीत उदार सोडणं म्हणजे थापा मारणं. अक्का म्हणाली, असू दे, समितीपुरता ठोकायच्या प्लायवूडच्या रॅम्पला हाच शब्द बरा.

स्टाफचा प्रश्न मोठा होता. समितीसाठी नऊ प्राध्यापक दोन दिवसांपुरते आणले जाणार होते. त्यांची नावं वर्षभर हजेरीपटावर होती, माणसं कधी दिसली नव्हती. मास्तर म्हटलं तर कळलं असतं. मी म्हणालो, "पंतोजी. भाड्याचे पंतोजी."

"ही भाषा तुम्ही घरांत बोलतां?"

"नाही. शाळेच्या पुस्तकात होती."

आणि खोटं याला तिनंच शब्द काढला. लटिकें. माझ्या मराठीत तो फक्त अभंगात उरला होता. ती मात्र सहज म्हणाली, "आमची अज्जी असेंच म्हणत. पोय हा शब्द आम्ही पोरांनीं आणला."

शेवटच्या दिवशी तिनं अख्खं भाषण म्हणून दाखवलं. पाळण्याची किल्ली साहेबांच्या खिशांत. उतार काल ठोकला. पंतोजी भाड्याचे. अस्की लटिकें. पेरुंगुडी ते कोवलम धनलक्ष्मी खिडकीबाहेर बघत होती. उतरताना तिनं मला विचारलं, "काय रे, कसले मंत्र म्हणता दोघं?"

समिती आली त्या सकाळी दारात रॅम्प होता, त्याला हिरवा गालिचा होता, आणि लिफ्टचं दार उघडं होतं. सुनंदाबाई साठीच्या, ठेंगण्या, पायात स्पोर्ट शूज. अक्कानं वाकून नमस्कार केला. विजयकुमार साहेब दोघींच्या मधोमध चालत होते. मी लॅपटॉप घेऊन मागे.

"तुम्ही मराठी? इथल्याच?" बाईंनी विचारलं.

"इथल्याच. तंजावूरच्या," अक्का म्हणाली, आणि तोंडावर कॉफीला बोलवावं तसं हसू ठेवून पुढं बोलू लागली, "हा उतार काल ठोकला आहे, बाई. तुम्ही गेलां कीं काढतील. पाळण्याची किल्ली साहेबांच्या खिशांत असते. पोरांस देत नाहींत."

बाई थांबल्या. "पाळणा? बाळाचा?"

अक्कानं भुवईनं लिफ्टकडे दाखवलं. साहेब उत्साहानं म्हणाले, "किल्ली? शी इज पिंचिंग यू, मॅडम?" आणि स्वतःच्या विनोदावर मोठ्यानं हसले. बाईही हसल्या, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

समितीचे अध्यक्ष यंत्र विषयाचे जुने प्राध्यापक होते. लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी त्यांनी भिंतीवरचा परवाना वाचला. दोन वर्षांपूर्वी संपलेला. त्यांनी पाय मागे घेतला. "ही बंद करा. कुणीही वापरायची नाही." आणि ते जिना चढू लागले. सगळेच चढले. विजयकुमार साहेबांचे गुडघे अधू आहेत. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून उभे राहिले आणि घाम पुसू लागले. अक्का त्यांच्यासाठी थांबली. अगदी अदबीनं. एक पायरी वर उभी राहून.

वर लॅबमध्ये एका नव्या विभागप्रमुखांनी धनलक्ष्मीला हळूच स्वच्छतागृह कुठं ते विचारलं. "पंतोजी," अक्का बाईंच्या कानाशी म्हणाली, "भाड्याचे." या वेळी बाईंना पहिल्याच फटक्यात कळलं. त्यांना हसू दाबायला खोकावं लागलं.

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, पण सत्तेचाळीस क्रमांकाला अजून हात लागला नव्हता. अक्का तो विषय काढायची संधी शोधत होती आणि साहेब एक क्षण बाजूला होत नव्हते. मुलीचं नाव घेतलं की ते त्यांना कळणारच. आमच्या धुतलेल्या मराठीत विद्यालक्ष्मीला पर्याय नव्हता.

तळमजल्यावर परतल्यावर बाईंनी सहज विचारलं, "इथं विद्यार्थी कल्याणाचं काम कोण पाहतं?"

आमच्या मराठीत कल्याण म्हणजे भलं. तमिळमध्ये कल्याण म्हणजे लग्न. हा शब्द आम्ही बसमध्ये तपासला नव्हता, कारण तो अक्का बोलणार नव्हती, आणि बाईंच्या तोंडी काय येईल ते आमच्या हातात नव्हतं.

किल्लीनंतर विजयकुमार साहेबांना पहिल्यांदाच एक अख्खा शब्द कळला. त्यांचा चेहरा खुलला. आधी विद्या, मग कल्याण, एवढंच ऐकून त्यांना वाटलं, गप्पा अक्काच्या मुलीवर आल्या. यादीतलं कारण पक्कं करून टाकायला याहून चांगली वेळ कोणती?

"येस, येस मॅडम! कल्याणम! हिच्या मुलीचं," ते इंग्रजीत म्हणाले. "आमचीच विद्यार्थिनी. फार हुशार. लग्नासाठी शिक्षण सोडलं, आम्हाला वाईट वाटलं. पण लग्न काय थाटात झालं! मी स्वतः होतो. मुलगा बंगळूरला असतो. होय ना, रंजनीमा?"

ती मान डोलावेल याची त्यांना खात्री होती. बावीस वर्षं ती डोलावत आली होती.

बाईंनी अक्काकडे बघितलं. अक्काचं कॉफीचं हसू गेलं होतं. तिनं फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि इंग्रजीत, साहेबांना प्रत्येक शब्द कळेल असं, म्हणाली, "विद्या, समितीच्या मॅडम विचारताहेत. तुझं लग्न झालंय का?"

पलीकडून विद्याचा आवाज आला, तोही इंग्रजीत. "माझं? कधी? अम्मा, मला एक लाडूसुद्धा दिला नाही कुणी."

"करस्पॉन्डंट सर म्हणतात ते स्वतः होते."

"मग नवरा कसा आहे ते त्यांनाच विचार. बरा असेल तर पाठवून द्या म्हणावं, मला तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायला उपयोगी पडेल."

सुनंदाबाईंनी हातातली फाइल उघडली, यादी काढली, बोट सत्तेचाळीसवर ठेवलं. मग सोयींच्या पुराव्यांतलं माहितीपत्रक काढून सहावं पान त्याच्या शेजारी ठेवलं. जिन्यावर पाठमोरी बसलेली मुलगी, जिद्द.

"मिस्टर विजयकुमार," त्या म्हणाल्या, "खरं कारण मला लेखी हवं. उद्या चारला आमची समारोपाची बैठक आहे. चारच्या आत आलेला कागदच अहवालात जाईल. मुलीच्या हाती जाणारा दाखलाही त्यावरूनच बनवा."

दुसऱ्या दिवशी समिती तिसऱ्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये बसली. कागद घ्यायला त्यांनी टपालाचं माणूस मागितलं, म्हणून अक्काचं टेबल हॉलच्या दाराबाहेर मांडलं गेलं. लिफ्ट बंदच होती. प्रत्येक कागद सहासष्ट पायऱ्या चढून तिच्यापुढे येत होता.

अकरा वाजता प्रिन्सिपल रघुराम सर एक पत्र घेऊन आले. "प्रशासकीय कारणामुळे." अक्कानं वाचलं आणि परत दिलं. "यातून काय कळतं, सर? लिफ्ट लिहा."

दोन वाजता ते पुन्हा आले. त्यांना धाप लागली होती. या वेळी सगळं स्वच्छ होतं. कॉलेजनं लिफ्ट उपलब्ध करून न दिल्यामुळे विद्यार्थिनी प्रात्यक्षिकांना वेळेवर पोहोचू शकली नाही आणि तिला शिक्षण सोडावं लागलं. विवाहाची नोंद चुकीची होती. खाली प्रिन्सिपलची सही आणि शिक्का.

मी तेवढ्यात पत्राचा फोटो काढून विद्याला पाठवला. लगेच अक्काला तिचा फोन आला, अक्कानं स्पीकर लावला. "घे, अम्मा. चालतं हे. विद्यापीठाला प्रिन्सिपलची सही पुरते, मी विचारून ठेवलंय. घे आणि नंबर टाक."

सुनंदाबाईंनीही दारातून वाकून पाहिलं. "हे पुरेसं आहे, रंजनीताई."

अक्कानं पत्राची घडी केली आणि रघुराम सरांच्या हातात दिली. "यादी करस्पॉन्डंट साहेबांच्या सहीनं गेली होती. खोडायलाही त्यांचीच सही लागेल."

"अम्मा!" फोनमधून आवाज आला. "माझी दोन वर्षं आहेत ती. तुझी नाहीत."

अक्कानं फोन बंद केला.

मी तिला म्हणालो, "अक्का, साहेब सही करणारच नाहीत. चार वाजून जातील, मग ना हे ना ते." तिनं शाईची गादी सरळ केली. तिचा हात शिक्क्यावर होता. त्या दोन तासांत मला ती आवडली नाही, हे मी इथं लिहून ठेवतो. मुलीची दोन वर्षं तिनं खुशाल टेबलावर मांडली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी जिन्यात पावलं ऐकू आली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. विजयकुमार साहेब वर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. रघुराम सरांचं पत्र, त्याखाली साहेबांची सही.

"रंजनी," ते तमिळमध्ये म्हणाले, "बावीस वर्षं या कॉलेजचं मीठ खाल्लंस."

"होय सर." तिनं पत्र वाचलं. वरपासून खालपर्यंत, ओळ न ओळ. मग म्हणाली, "तुमचा शिक्का नाही."

"शिक्का खाली आहे. माझ्या खोलीत."

"हं."

"कुणाला तरी पाठवून मागवून घे ना, मा."

"तुमचा शिक्का तुम्ही कपाटात ठेवता, सर. किल्ली तुमच्याच खिशात असते. कुणाला देत नाही तुम्ही."

साहेबांनी हॉलच्या दाराकडे बघितलं. आत अध्यक्ष पाणी पीत बाहेरच बघत होते. "माझे गुडघे तुला माहीत आहेत," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग बसून या, सर. पाठमोरे. एकेक पायरी. येतं जमायला. जिद्द लागते."

ते उतरले. मी कठड्यावरून वाकून बघत होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते खरोखरच पायरीवर बसले. वर चढण्यासाठी नव्हे, दम घेण्यासाठी. वर्गातून बाहेर पडलेली मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी उतरत होती. कुणी "सर, काय झालं?" असं विचारलं नाही. अक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनंही बघितलं, मन भरेपर्यंत. मग जागेवर जाऊन बसली.

चारला आठ मिनिटं कमी असताना साहेब शिक्का घेऊन वर आले. अक्कानं पत्राला आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली, वेळही टाकली. नेऊन सुनंदाबाईंच्या पुढे ठेवलं. बाईंनी ते वाचलं आणि मराठीत एवढंच म्हणाल्या, "फार ताणलंत तुम्ही."

"होय," अक्का म्हणाली.

जूनमध्ये कळलं, की कॉलेजला स्वायत्तता मिळाली नाही. तीन वर्षं अर्जही करता येणार नाही. पंतोजींची चौकशी लागली. विजयकुमार साहेब आहेत तिथंच आहेत, ट्रस्ट त्यांच्याच कुटुंबाचा आहे. अक्काला त्यांनी हॉस्टेलच्या भांडारात टाकलं. तिथं ती आता तांदूळ आणि बादल्या मोजून घेते. मी नोकरी सोडली.

विद्या तिसऱ्या वर्षात आहे. गिंडीच्या कॉलेजात लिफ्ट चालते, हळू चालते, पण चालते. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे सैदापेटला जेवायला गेलो होतो. अक्का डांगर वाढत होती. विद्या माझ्याशी तमिळमध्ये बोलत होती. मग मधेच तिनं आईकडे वळून मराठीत, जी ती फारशी बोलत नाही, विचारलं, "अम्मा, त्या दिवशीं चार वाजून गेले असते तर?"

हा प्रश्न ती पहिल्यांदा विचारत नव्हती. अक्काच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

"वाजले नाहींत न."

"वाजले असते तर?"

अक्कानं डांगराचं भांडं खाली ठेवलं. "तर तूं पुन्हा पहिल्या वर्षांत बसली असतीस," ती म्हणाली. "आणि मी त्यास पुन्हा चढवला असता."

विद्यानं ताट बाजूला सारलं आणि खुर्ची वळवून ती बाहेरच्या खोलीत गेली. अक्का तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्या पानात आणखी डांगर वाढून म्हणाली, "जेव तूं. ती येईल."

मी जेवलो. माझं आटोपेपर्यंत विद्या परत आली नव्हती.